वाचकांचे प्रश्न : सस्पेन्शनचा बुश गळतो म्हणजे काय होते?

प्रश्न (एक वाचक, पुणे) : माझी मिनी कूपर २०१३ सालची असून ती ७२,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या वर्षी मी ती सेकंडहँड घेतली. ताशी ८०-९० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टीअरिंग डावीउजवीकडे थरथरते. पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलल्यावर दोन महिने बरे गेले, पण परवा खंबाटकी घाट उतरताना पुन्हा तीच थरथर सुरू झाली. पुढच्या उजव्या चाकाच्या मागे, लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) शेवटाशी, काळपट ओला डाग दिसतो. एक मेस्त्री म्हणतो शॉकअब्सॉर्बर गळतो आहे, दुसरा म्हणतो गिअरबॉक्सचे सील गेले आहे. नेमके काय बदलावे?

उत्तर : आपण डागाची जागा इतकी नेमकी सांगितली आहे की अर्धे निदान आपणच केले आहे. मिनीच्या लोअर आर्मचे मागचे टोक एका ब्रॅकेटमधल्या जाड बुशमध्ये, म्हणजे धक्के गिळणाऱ्या रबरी गादीत, बसते, आणि आपल्या गाडीच्या पिढीत हा बुश नुसत्या रबराचा नसून त्याच्या पोटात द्रव भरलेला असतो. रबरात दोन कप्पे असतात आणि ते एका अरुंद वाटेने जोडलेले असतात. आर्म पुढेमागे हलू लागला की एका कप्प्यातला द्रव त्या वाटेने दुसऱ्यात ढकलला जातो, आणि त्या ओढाताणीत थरथर जिरते. म्हणजे एक छोटासा शॉकअब्सॉर्बरच रबरात दडवलेला आहे, असे समजा. वय झाले की रबराला चीर जाते, द्रव बाहेर येतो, रबराच्या काजळीत मिसळून काळा दिसतो आणि ब्रॅकेटवरून ओघळतो.

आता दोन्ही मेस्त्र्यांच्या म्हणण्याकडे पाहू. शॉकअब्सॉर्बर गळाला तर तेल त्याच्या नळकांड्यावरून खाली, चाक जिथे जोडलेले असते त्या भागाकडे उतरते. तेथून ते मागच्या ब्रॅकेटपर्यंत जाण्याचे कारण नाही. नळकांडे कोरडे आणि धुळीने माखलेले असेल, तर त्या खर्चातून आपण सुटलात. गिअरबॉक्स तर या गाडीत डाव्या अंगाला आहे, आणि गळलेले तेल वाऱ्याने मागे उडते, आडवे उजवीकडे सहसा जात नाही. या गाडीचे पॉवर स्टीअरिंग विजेवर चालते, त्यामुळे स्टीअरिंगच्या तेलाचा प्रश्नच येत नाही. संशय घ्यायचाच, तर तो इंजिन ऑइलचा आणि इंजिनाच्या उजव्या आधाराचा घ्यावा; तो आधारही द्रव भरलेला असतो आणि त्याच बाजूला, पण वर आहे. म्हणून डाग वरून खाली आला आहे की ब्रॅकेटपाशीच सुरू होतो, हे टॉर्च घेऊन स्वतः पाहा.

सर्वांत भरवशाचा उपाय साधा आहे. गाडी लिफ्टवर घेऊन तो भाग डिग्रीझरने स्वच्छ धुवा, पूर्ण वाळू द्या आणि चार-पाच दिवस नेहमीसारखी चालवून पुन्हा पाहा. पुन्हा ओल दिसली तर बोटाने थोडी टिपून वाटीभर पाण्यात सोडा. इंजिन किंवा गिअरबॉक्सचे तेल पाण्यावर तरंगते आणि त्याचा रंगीत पापुद्रा दिसतो. बुशमधला द्रव बहुधा ग्लायकोलचा असल्याने तो पाण्यात मिसळून जातो. मात्र पुन्हा ओल दिसली नाही म्हणून बुश चांगला आहे असे समजू नका. त्याच्या पोटात द्रव असतोच किती? थोडासाच, आणि तो एकदा निघून गेला की डाग वाळतो. पुष्कळ गाड्यांत मालकाला ‘गळती आपोआप थांबली’ याचाच आनंद होतो, तो याच कारणाने.

त्यानंतर पहारीची परीक्षा. पहार आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जिला जोडलेला असतो त्या पोलादी चौकटीच्या) मध्ये घालून हलकेच रेटावी. द्रव भरलेला बुश मुळातच साध्या रबरापेक्षा जास्त हलतो, त्यामुळे नुसता हलला म्हणून तो बाद करणारा मेस्त्री घाई करतो आहे असे मी म्हणेन. दोन्ही बाजू सारख्याच जोराने रेटून तुलना करावी, रबरात आरपार चीर दिसते का आणि मधला धातूचा गाभा एका अंगाला सरकला आहे का, हे पाहावे. चाकाचा बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळीचा सांधा) आणि आर्मचा पुढचा जॉइंट याच वेळी तपासून घ्यावा, कारण मिनीत आर्मच्या पुढच्या आतल्या टोकालाही बुश नसून बॉल जॉइंटच असतो, आणि तो ढिला झाला तरी लक्षणे जवळजवळ अशीच येतात.

डिस्क बदलल्यावर दोन महिने बरे का वाटले, हा आपल्या पत्रातला खरा कळीचा भाग आहे. कोणतीही डिस्क अगदी निर्दोष नसते. तिच्या जाडीतला केसाएवढा फरकसुद्धा ब्रेक लागताना दर फेऱ्याला चाक किंचित मागे ओढतो. निरोगी बुश हा धक्का गिळतो. द्रव गेलेला बुश तो गिळू शकत नाही, म्हणून आर्म डोलतो आणि डोलणे स्टीअरिंगपर्यंत पोचते. नव्या डिस्कमुळे मूळ धक्का काही काळ कमी झाला, एवढेच. घाटात डिस्क तापल्यावर तो पुन्हा वाढला. स्टीअरिंगबरोबर ब्रेकचे पेडलही पायाखाली धडधडत असेल, तर डिस्क पुन्हा मोजून घ्याव्या लागतील. पेडल शांत असून स्टीअरिंगच थरथरत असेल, तर आधी बुश बदला आणि डिस्कवर आणखी खर्च करू नका.

दुरुस्तीबद्दल स्पष्ट सांगतो. गळलेल्या बुशमध्ये पुन्हा द्रव भरता येत नाही, चीर सील करता येत नाही. बदलायचेच असतात, आणि दोन्ही बाजूंचे एकदम. ब्रॅकेट काढण्यासाठी पुढचा सबफ्रेम थोडा खाली उतरवावा लागतो. मजुरी त्या कामाची असते, दुसरा बुश त्याच खोलाखोलीत होतो. जुना बुश प्रेसवर काढून नवा बसवताना त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, याची खूण जुळवलीच पाहिजे. कप्पे चुकीच्या कोनात बसले तर नवाकोरा बुशही थरथर जिरवत नाही आणि लवकर फाटतो. बसवताना ग्रीस किंवा तेल लावू नये, साबणाचे पाणी पुरते. आर्म बुशमध्ये सरकवल्यावर चाक लटकलेल्या अवस्थेत काम संपवू नये, गाडीचे वजन चाकांवर आल्यावर रबर नैसर्गिक स्थितीत बसेल अशी काळजी घ्यावी. नाहीतर ते कायमचे पिळलेले राहते. शेवटी व्हील अलाइनमेंट, आणि ती टाळू नका. सबफ्रेम हलवला आहे.

बाजारात पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. ते गळत नाहीत, कारण त्यात गळायला काही नसते, आणि स्टीअरिंग अधिक नेमके वाटते. पण रस्त्याची खडखड गाडीत जास्त येते आणि ग्रीस सुकले की ते करकरतात. रोज ऑफिसला आणि महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्या माणसाला मी मूळ पद्धतीचाच बुश सुचवेन.

नुसती ओल आहे तोवर घाबरून गाडी उभी करण्याचे कारण नाही. परंतु ब्रेक सोडताना ‘खट्’ असा आवाज येऊ लागला, गाडी ब्रेकमध्ये एका बाजूला ओढू लागली किंवा टायरची आतली कड झिजलेली दिसली, तर घाट आणि महामार्ग टाळून सरळ गॅरेज गाठावे.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : माझ्या लहान हॅचबॅकच्या लोअर आर्मच्या बुशवर तेल दिसते. बुश गळतो आहे, बदला, असे सांगण्यात आले. खरे काय?

उत्तर : आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत हा बुश सलग रबराचा असतो, त्यात गळण्यासारखे काही नसते. आपल्या गाडीचा तसा असेल तर तेल दुसरीकडून येते आहे. ड्राइव्हशाफ्टचे (गिअरबॉक्सपासून चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) रबरी बूट फाटून ग्रीस उडते आहे का आणि गिअरबॉक्सच्या शाफ्ट-सीलपाशी ओल आहे का, ते आधी पाहा. गळती थांबवल्याशिवाय नवा बुश घालू नका, कारण तेलाने रबर फुगून मऊ पडते आणि वर्षभरात पुन्हा तोच खर्च येतो. याच कारणासाठी, पावसाळ्यात बुश करकरतो म्हणून त्यावर जुने इंजिन ऑइल किंवा डिझेल मारण्याची पद्धतही बंद करावी. आवाज आठवडाभर जातो, रबर मात्र कायमचे.