सर्व्हर सॉफ्टवेअर बसवण्याआधी युनिक्स मशीन कसं तयार कराल?

इन्स्टॉलर चालवण्याची घाई करू नका. आधी सॉफ्टवेअरसाठी वेगळा युजर आणि ग्रुप तयार करा. रूटने (सर्वाधिकार असलेल्या मुख्य युजरने) बसवलंत तर फायलींची मालकी रूटकडे जाते आणि पुढे साध्या युजरने सर्व्हिस चालवताना लॉगसुद्धा लिहिता येत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते ओपन फाइल्सच्या मर्यादेवर (एक प्रोसेस एका वेळी किती फायली उघड्या ठेवू शकते यावर), म्हणून इथे वेळ द्याच. लिनक्सवर सॉफ्ट लिमिट, म्हणजे प्रत्यक्ष लागू असलेली मर्यादा, बहुधा १०२४ असते आणि सॉकेटही (नेटवर्क कनेक्शनची टोकं) त्यातच मोजले जातात. त्यामुळे चाचणीत सगळं ठीक चालतं आणि कनेक्शन वाढली की ‘टू मेनी ओपन फाइल्स’. लिमिट्स डॉट कॉन्फ या मर्यादांच्या फाइलमध्ये ६५५३६ लिहून भागत नाही: ती फाइल पॅम (लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) वाचतं, तेही नव्या लॉगिनच्या वेळी. सिस्टमडीने (मशीन सुरू होताना सर्व्हिसेस चालू करणाऱ्या प्रोग्रामने) सुरू होणाऱ्या सर्व्हिसला ती लागूच होत नाही. त्या सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीसाठीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) मर्यादा वेगळी द्या. खात्री मात्र चालू प्रोसेसच्या, प्रॉक डिरेक्टरीमधल्या लिमिट्स फाइलवरूनच करा, शेलमधल्या युलिमिट कमांडवरून नाही; ती फक्त त्या शेलची मर्यादा दाखवते.

टेम्प डिरेक्टरी (तात्पुरत्या फायलींची जागा) ‘नोएक्झेक’ने, म्हणजे तिथून प्रोग्राम चालवायला बंदी घालून, माउंट केलेली असेल, तर तिथे काढून ठेवलेल्या फायली इन्स्टॉलरला चालवता येत नाहीत. ओरॅकल १९सी डेटाबेसला तिथे किमान १ जीबी मोकळी जागा हवी. स्वॅपचं (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेचं) त्याचं गणित सोपं आहे: रॅम २ ते १६ जीबी असेल तर तेवढाच, त्यापुढे १६ जीबी.

मशीनची नावं आणि आयपी पत्ते जोडणारी होस्ट्स फाइलही उघडून बघा. मशीनचं नाव १२७.०.०.१ ला जोडलेलं असेल, तर सर्व्हिस फक्त लूपबॅकवर, म्हणजे त्याच मशीनवरून येणारी कनेक्शनच, ऐकत बसू शकते आणि तुम्ही उगाच फायरवॉल तपासत राहता.