गावात सगळ्यांनी सोयाबीन पेरलं, मग मीही पेरू का, की थांबू?

थांबा. आधी स्वतःच्या रानात जा.

दहा जणांनी पेरलं म्हणजे दहा जणांनी ओल तपासली असं नसतं. बहुतेक वेळा पहिल्याने अंदाजाने तिफण धरलेली असते आणि बाकीचे त्याला बघून निघालेले असतात. म्हणजे तुमच्यासमोर मत एकाचंच आहे, दिसतंय मात्र दहा जणांचं. शिवाय त्या पहिल्याकडे विहिरीला पाणी असेल, तर पावसाने ओढ दिली तरी तो तुषार सिंचन लावून पीक वाचवेल. तुमची कोरडवाहू जमीन असेल तर दुबार पेरणी गळ्यात पडेल.

७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. एकाच गावात या शिवारात पाऊस पडतो आणि त्या शिवारात पडत नाही, म्हणून वीतभर उकरून माती मुठीत दाबून बघाच. ढेकूळ होतंय का? खाली कोरडं लागलं तर थांबायचं. बियाणं घरचं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्याभरात ७० तरी उगवले पाहिजेत.

शेजाऱ्याकडून शिकायचं ते वेगळं. रुंद सरी वरंब्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंना सरी असलेल्या रुंद गादीवर पेरलेलं त्याचं पीक गेल्या पावसाच्या खंडात कसं तगलं, कुठल्या वाणाच्या शेंगा काढणीआधी फुटल्या, हे त्याला बसून विचारा. ते त्याने हंगामभर डोळ्यांनी पाहिलेलं असतं.