ओळखीचं कोणी भेटलं तर?

प्रश्न: नमस्कार ताई, मी नागपूरचाच, मानेवाड्याकडे राहतो, वय ४१, प्रायव्हेट नोकरी. आधी शनिवारी मित्रांसोबत बसायचो, आता रोजच लागते, सकाळी हात थरथरतात म्हणून ऑफिसला निघायच्या आधी थोडी घ्यावी लागते तेव्हा कुठे सही नीट होते. बायकोने बोलणंच टाकलंय. एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंग असतात असं ऐकलंय पण जायची हिंमत होत नाही. आमचा सगळा गोतावळा इथलाच, तिथे कोणी ओळखीचं भेटलं तर? आणि तिथे करायचं काय असतं, भाषण द्यावं लागतं का, पैसे किती घेतात?

उत्तर: दादा, मीटिंगचं सांगतेच, पण आधी ते हात थरथरण्याचं. हे वाचून जोशात येऊन उद्यापासून एकदम बंद करू नका, प्लीज. सकाळी घेतल्याशिवाय हात थांबत नाहीत म्हणजे शरीराला दारूची सवय लागलीय, आणि अशा माणसाने घरच्या घरी अचानक सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास, बडबड, ताप असंही होतं आणि त्यात जीवसुद्धा जाऊ शकतो. म्हणून मेडिकलला किंवा मेयोला, या आपल्या सरकारी रुग्णालयांत, मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जा, नाहीतर प्रादेशिक मनोरुग्णालयात. किती पिता ते खरं सांगा, क्वार्टरची हाफ क्वार्टर करून सांगू नका, कारण गोळ्यांचा डोस त्यावरच ठरतो. काही दिवस गोळ्या देतात आणि हळूहळू कमी करतात, सोबत बी-१ व्हिटॅमिन, गरज वाटली तर भरतीही करून घेतात. मीटिंगला मात्र हे सगळं संपायची वाट बघायची गरज नाही, दोन्ही सोबत चालतं.

आता ओळखीचं. भेटू शकतं, नागपूर काही एवढं मोठं नाही. पण तो माणूस तिथे कशासाठी बसलाय याचा विचार करा ना! तोही तुमच्यासारखाच दाराशी घुटमळून आत आलेला असतो, आणि तिथे कोणाला पाहिलं, कोण काय बोललं ते बाहेर काढायचं नाही हा तिथला पक्का शिरस्ता आहे. आडनाव कोणी विचारत नाही, नुसतं नाव चालतं. आणि खरं सांगू का, तुमचं पिणं ज्यांच्यापासून लपवायचंय त्यातल्या बहुतेकांना ते कधीचंच माहीत असणार, सकाळचा वास लिफ्टमधल्या माणसालाही येतो. हे टोचावं म्हणून लिहीत नाहीये, जी इज्जत वाचवायला तुम्ही घरी थांबलाय ती मीटिंगला गेल्याने नाही जात, एवढंच म्हणायचंय.

तिथे होतं काय तर एखाद्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत किंवा हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतात, बहुतेक ठिकाणी चहा असतो, एक जण सुरुवातीचं वाचन करतो आणि मग एकेक जण 'मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे' म्हणून आपलं सांगतो, याला शेअरिंग म्हणतात. मधे कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही, असं करायला पाहिजे होतं वगैरे कोणी म्हणत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर 'आज फक्त ऐकतो' म्हणा, झालं. फी नाही. शेवटी वर्गणीसाठी पिशवी फिरते, ती ऐच्छिक, नव्या माणसाने नाही टाकलं तरी चालतं. दारू सोडायची इच्छा, बस, दुसरी अटच नाही. जन्मभराची शपथही कोणी घालत नाही, फक्त आजचा दिवस प्यायची नाही एवढंच तिथे धरून चालतात. १९३५ साली अमेरिकेत हे सुरू केलं त्या दोघांतला एक स्वतः सर्जन होता, शिकलेसवरलेले लोक तिथे कशाला येतील असं मनात असेल तर काढून टाका.

पत्ता शोधायला एएच्या भारतातल्या अधिकृत वेबसाइटवर नागपूर बघा, पण वार-वेळ-जागा बदलत असते म्हणून निघायच्या आधी फोन करा, पहिल्यांदा येतोय म्हटलं तर शक्यतो कोणीतरी गेटवर थांबतं. ओपन मीटिंगला घरच्यांनाही येता येतं, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी, हे फोनवरच विचारून घ्या. १४४४६ ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आणि १४४१६ टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, दोन्ही फुकट. आणि पहिली मीटिंग नाही पटली तर दुसऱ्या ग्रुपला जाऊन बघा, प्रत्येक ग्रुपची माणसं वेगळी असतात.

प्रश्न: ताई, माझे मिस्टर खूप पितात, दवाखान्यात यायला तयार नाहीत. न सांगता चहातून द्यायचं औषध मिळते म्हणतात, देऊ का? – एक गृहिणी, महाल

उत्तर: नाही, अजिबात देऊ नका. अशा पुडीत काय आहे ते कोणी सांगत नाही, आणि त्यात डायसल्फिरामसारखं दारू सोडवायचं औषध असलं आणि त्यांनी वरून दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी धाडकन खाली, माणूस दगावूही शकतो. हे औषध डॉक्टर देतात ते पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीने. ते येत नसतील तर तुम्ही स्वतःसाठी जा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे, एएच्या संस्थापकाच्या बायकोनेच १९५१ मध्ये दुसऱ्या एकीला सोबत घेऊन ते उभं केलं, तिथे नवऱ्याने यायची गरज नाही. जवळची मीटिंग कुठे ते एएवाल्यांनाच फोनवर विचारा, बाहेर पडणं जमत नसेल तर ऑनलाइनही असतात. आणि मारहाण होत असेल तर मीटिंगची वाट बघू नका, ११२ लावा.