होळीच्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) सेशनसाठी खलनायक आणि कथानक काय घ्यावं?

होळीसाठी ढुंढा राक्षसी घ्या, कथानक तिला मिळालेल्या वरातच दडलंय. भविष्य पुराणातल्या कथेत ती रघुराजाच्या राज्यातल्या मुलांना छळते. शिवाच्या वरामुळे देव, माणसं, शस्त्रं तिचं काही बिघडवू शकत नाहीत. भीती फक्त पोरांच्या दंग्याची: पेटवलेली होळी, टाळ्या, अचकटविचकट आरडाओरडा. म्हणजे तलवारबाज पहिल्याच झटापटीत हात टेकणार आणि बोंब ठोकणारा बार्ड (खेळातलं गवई-शाहिरासारखं पात्र) भाव खाणार (आमच्या टेबलावर हे फार चालतं). मधला भाग तिच्या हस्तकांनी पळवलेली होळीची लाकडं परत आणण्यात घालवा. मात्र तिच्या कमजोरीचा सुगावा सुरुवातीलाच दोन-तीन ठिकाणी पेरा, नाहीतर खेळाडू शेवटपर्यंत फासेच टाकत बसतील.