पिशवी बंद केल्यावर अंडी का आटली: कोंबड्या आणि डुकरांच्या घरच्या खाद्याबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ८० कोंबड्या, त्यातल्या बऱ्याचशा सुधारित जातीच्या, आणि नुकतीच आणलेली चार डुकराची पिल्लं. बाजारातली खाद्याची पिशवी एका दिवसात बंद केली आणि मका, तांदळाची कणी, दोन किलो अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी हिरवी वनस्पती) नि घरातलं उरलंसुरलं सुरू केलं. महिनाभरात अंडी ४५ वरून १७ वर आली आणि कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागल्या. तुम्ही विचारताय, सेंद्रिय खाद्य मानवत नाही का?

सेंद्रियचा इथे काही संबंध नाही. कोंबड्या उपाशी आहेत. पोट भरलेलं आहे, पण प्रथिनं नाहीत.

हिशेब करू. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, म्हणजे ८० कोंबड्यांना पावणेनऊ किलो. त्यात १६-१७ टक्के प्रथिनं हवीत, म्हणजे रोजची जवळपास दीड किलो. तुम्ही लिहिल्याप्रमाणे सहा किलो मका आणि अडीच किलो कणी जाते. मक्यात ९ टक्के धरली तर ५४० ग्रॅम, कणीत ८ धरली तर २०० ग्रॅम. आता अझोला. व्हिडिओत सांगतात की त्यात २०-२५ टक्के प्रथिनं असतात. खोटं नाही, पण ते वाळवलेल्या अझोल्याबद्दल. ओल्या अझोल्यात पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. दोन किलो ओला अझोला म्हणजे सुका १००-१२० ग्रॅम, आणि प्रथिनं फार तर २५ ग्रॅम. सगळं मिळून पाऊण किलो, म्हणजे गरजेच्या निम्मं. अंडी निम्म्याहून खाली आली यात नवल काय? अझोला बंद करू नका, बलकाला रंग चांगला येतो. पण त्याला भाजी समजा, आमटी समजू नका.

पिसं खाण्याचं मूळही बहुतेक इथेच आहे. पीस हे प्रथिनच, आणि ते बनायला गंधक असलेली अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) लागतात. त्यातलं मेथिओनिन कोंबडीच्या खाद्यात सगळ्यात आधी कमी पडतं. मीठ कमी पडलं तरी टोचणं वाढतं, आणि तुमच्या यादीत मीठ कुठेच दिसलं नाही. शिवाय जंत झालेत का आणि पिसं गळण्याचा काळ आहे का, हेही एकदा बघून घ्या.

आता कुणीतरी म्हणेलच, “आमच्या आजीच्या कोंबड्या काही न घालता अंडी द्यायच्या.” द्यायच्या, खरं आहे. माझ्याही आजीच्या द्यायच्या. पण ती अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालायची, मग खुडूक बसायची आणि दिवसभर उकिरडा, गोठा, कुंपण उकरत हिंडायची. किडे, गांडुळं, वाळवी यांतून तिला मेथिओनिन मिळायचं. दहा कोंबड्यांना एक वाडी होती. तुम्ही वर्षाला दीडशेच्या वर अंडी घालणारी जात आणली, ८० आणल्या आणि जाळीत ठेवल्या. मग आजीचा हिशेब चालणार नाही. आधी ठरवा, कमी अंड्यांची मोकळी कोंबडी हवी की जास्त अंड्यांची. दोन्हीला माझी ना नाही.

घरच्या खाद्याचं तत्त्व आपल्या ताटातच आहे. नुसता भात पुरत नाही, बरोबर आमटी लागते, कारण धान्यात जे कमी असतं ते कडधान्यात असतं. पेंडींचंही तसंच. शेंगदाणा पेंडीत प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या पुढे असतात, पण मेथिओनिन आणि लायसिन (तेही एक अमिनो आम्लच) दोन्ही कमी. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन भरपूर, लायसिन कमी. सुक्या मासळीत दोन्ही. कुळीथ-चवळीत लायसिन चांगलं, मेथिओनिन कमी. एकाच पेंडीवर भागवायला गेलात की फसलात. दोन-तीन मिळून जमतं.

माझं १०० किलोचं मिश्रण असं आहे: मका भरडा ४०, कणी १२, ताजा भाताचा कोंडा १३, शेंगदाणा पेंड १२, तीळ पेंड ६, सुक्या मासळीची पूड ६, खोबऱ्याची पेंड ३, कुटलेल्या शिंपल्या साडेसहा, खनिज मिश्रण १ किलो २०० ग्रॅम, मीठ ३०० ग्रॅम. प्रथिनं १७ टक्क्यांच्या आसपास येतात. मासळी खारवलेली असेल तर मीठ घालायचं नाही. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा, कळतं. मासळी याहून वाढवू नका, अंड्याला वास येतो आणि गिऱ्हाईक तोंडावर सांगतं.

शिंपल्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमची अंडी पातळ कवचाची येतायत असं शेवटी एका ओळीत लिहिलंय. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही म्हणून कोंबडीला दिवसाला चार ग्रॅमपर्यंत लागतं. मक्यात ते नसल्यातच जमा. मग ती हाडांतून काढते आणि काही महिन्यांनी पायावर बसते. आपल्याकडे कोकणात तिसऱ्यांच्या (खाडीत मिळणाऱ्या शिंपल्यातल्या मासळीच्या) शिंपल्या फुकट पडलेल्या असतात. धुऊन, वाळवून, उखळात ज्वारीच्या दाण्याएवढ्या कुटा. पीठ करू नका. जाड तुकडा पोटात रात्रभर हळूहळू विरघळतो, आणि कवच तयार होतं तेही रात्रीच. मिश्रणात आहेतच, तरी एक भांडं वेगळं भरून ठेवा, जिला हवं ती खाते. पिल्लांना मात्र हे मिश्रण नाही. अंड्यावर न आलेल्या कोंबडीला एवढं कॅल्शियम दिलं तर मूत्रपिंडं जातात. आणि भाजलेला चुना म्हणजे शिंपली नव्हे. एका गृहस्थांनी पानाचा चुना कालवून दिलेला मी पाहिलाय.

सोयाबीन घालू का, असं विचारलंत. घाला, पण कच्चं कधीच नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. भाजून किंवा उकडून तो जातो. कुळथाचंही तेच, म्हणून शिजवून द्यायचे. सरकी पेंड कोंबडीला आणि डुकराला नको. त्यातल्या गॉसिपॉलने बलक हिरवट-करडा पडतो आणि डुकरं तर दगावतात. शिवाय आपल्याकडचा कापूस जवळपास सगळा बीटी, म्हणजे जनुक बदललेला, तेव्हा ती सेंद्रियात बसतही नाही. सुबाभळीचा पाला शेवग्यासारखा भरमसाट घालू नका, त्यात मायमोसिन हा विषारी घटक असतो. शेवगा चालतो.

आता खरी अडचण, कोकणातला पाऊस. घाटावरची माणसं लिहितात तेव्हा हे त्यांच्या लक्षात येत नाही. मी घरचं खाद्य सुरू केलं तेव्हा शेजारच्या काकी हसून म्हणाल्या होत्या, “आदी पावसाळ्यात साठवून दाखय, मगे बोल.” पहिल्याच जुलैत मी एका घाण्यावरून आणलेली शेंगदाणा पेंड पडवीत ठेवली. आठ दिवसांत पोत्याच्या तळाला हिरवट बुरशी आली. वरची चांगली दिसते म्हणून ती वापरली. कोंबड्यांनी नुसतं खाणं कमी केलं, पण बदकांची अकरा पिल्लं तीन दिवसांत गेली. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. बदक आणि टर्की त्याला फार नाजूक असतात. हे विष सापडलंच मुळी तसं: १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की मेल्या आणि शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग लागला. उकळून किंवा भाजून ते विष घरच्या चुलीवर नीट जात नाही. बुरशी झटकून, उन्हात टाकून देण्याचा मोह होतो, पैसे गेलेले असतात ना. देऊ नका, शेणखतात टाका.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. मका आणि पेंडी मे महिन्यात कडक उन्हात वाळवून झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. मका दाताखाली टचकन फुटला पाहिजे, दबला तर अजून ओला आहे. पिंपं फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. पावसात आठवड्याच्या वर मिश्रण तयार करून ठेवत नाही. कोंडा साठवतच नाही. गिरणीतून आणल्यावर त्यातलं तेल चार-पाच दिवसांत खवट व्हायला लागतं. फार तर कढईत भाजून आठवडाभर पुरवतो. सुकी मासळीही मेमध्येच घ्या, १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि भाव चढतो.

किडे वाढवण्याचं विचारलंत. काळ्या सैनिक माशीच्या अळ्या चांगल्या. सुक्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि आपल्या दमट हवेत त्या झपाट्याने वाढतात. त्यांना भाजीपाला, फळांच्या साली, शिळा भात द्या. मेलेलं जनावर टाकू नका. त्याहून सोपं म्हणजे जुनी युक्ती: मडक्यात शेण, ओलसर गोणपाट आणि सुकं गवत भरून वारुळाजवळ पालथं घाला. दुसऱ्या दिवशी वाळवी भरलेली असते. पिल्लांना याच्यासारखं खाणं नाही.

डुकरांकडे वळतो. कोंबडीला आधी मेथिओनिन कमी पडतं, डुकराला लायसिन. म्हणून कोंबडीचं मिश्रण उचलून डुकराला घालू नका, त्यातल्या शिंपल्याही त्यांना नकोत. तुमची पिल्लं दूध तोडून महिनाही झालेला नाही. त्यांचं पोट लहान, त्यात काकडीची सालं नि भाताचं निवळ भरलं की दमदार काही मावत नाही. पंचवीस किलोची होईपर्यंत निदान निम्मं तरी विकतचं खाद्य ठेवा. यात कमीपणा वाटून घेऊ नका. युरोपीय संघात २०२२ पासून लागू असलेल्या सेंद्रिय नियमांत डुकरं-कोंबड्यांचं किमान ३० टक्के खाद्य स्वतःच्या शेतातलं किंवा त्याच भागातलं हवं, आणि सगळं सेंद्रिय हवं. तरीही ३५ किलोपर्यंतच्या डुकराच्या पिल्लांना आणि कोंबडीच्या पिल्लांना ५ टक्क्यांपर्यंत बिगरसेंद्रिय प्रथिन खाद्याची सवलत त्यांनी २०२६ अखेरपर्यंत ठेवली आहे. एवढे काटेकोर लोक, पण लहान पिल्लांच्या प्रथिनांवर त्यांचंही घोडं अडलं.

पंचवीस किलोनंतर आपली वाडी कामाला येते. रताळी, उकडलेला सुरण, उकडलेली अळूची पानं (कच्ची नाहीत, घसा खाजतो त्यांचाही), फणसाचे गरे आणि शिजवलेल्या आठळ्या, खोबऱ्याची पेंड, शिजवलेले कुळीथ, थोडी मासळी. मार्च ते मे काजूची बोंडं. रस काढून उरलेला चोथा त्याच दिवशी द्या, नाहीतर कातळावर पसरून कडक वाळवा. दुसऱ्या दिवशीचा आंबलेला चोथा खाऊन डुकरं झिंगलेली बघायला मजा वाटते, पण वजन चढत नाही. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने काजूच्या चोथ्यावर काम केलंय, एकदा तिथे जाऊन या. नोंदणीकृत स्थानिक जात ‘अगोंदा गोवन’ हीसुद्धा तिथेच विचारा. वाढते हळू, पण असल्या खाण्यावर तग धरते.

हॉटेलातलं खरकटं फुकट मिळतंय असं लिहिलंत, त्यानेच मला लिहायला बसवलं. २०२० साली आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर शिरला. माणसाला तो होत नाही, पण लागण झालेली डुकरं बहुतेक सगळी जातात आणि औषध नाही. हा विषाणू डुकराच्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून खरकट्याबरोबर येतो. डुकराचं मांस शिजवणाऱ्या हॉटेलचं खरकटं घेऊच नका. बाकीचं ढवळत अर्धा तास खदखदून उकळा, आणि कच्च्याची बादली वेगळी, शिजवलेल्याची वेगळी. दातकोरण्या नि प्लास्टिक आधी हाताने काढा. खारट असेल तर पाणी अखंड हवं. मीठ जास्त आणि पाणी कमी पडलं की डुकरं गोल फिरायला लागतात, झटके येतात.

‘सेंद्रिय अंडी’ अशी पाटी लावायचं म्हणताय. थांबा. आपण वापरतो ते बरंचसं स्थानिक आहे, सेंद्रिय नाही. घाण्यावरचा शेंगदाणा कुठल्या शेतातला, त्यावर काय फवारलं, हे घाणेवाल्यालाही ठाऊक नसतं. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे दुकानात ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचं तर एनपीओपी (सरकारी सेंद्रिय प्रमाणन कार्यक्रम) किंवा पीजीएसचं (शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करून दिलेलं) प्रमाणपत्र लागतं. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला सूट आहे, पण गिऱ्हाइकाने घरी येऊन विचारलं तर उत्तर तयार हवं. मी ‘घरच्या खाद्यावरची अंडी’ म्हणून विकतो. खाद्यात प्रतिजैविक नाही हे छातीठोक सांगता येतं. भाव तेवढाच मिळतो.

तूर्तास एवढं करा. उद्यापासून निम्मी पिशवी परत सुरू करा आणि शिंपल्यांचं भांडं ठेवा. मग दहा-बारा दिवसांत थोडं थोडं करत घरच्या मिश्रणावर या. आधी टोचणं कमी होईल, मग कवच सुधारेल. अंडी तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आधी वाढणार नाहीत, तेव्हा रोज मोजून जीव खाऊ नका. तीळ पेंड तुम्हाला कोल्हापुराकडून काय भावाने पडते ते कळवा. यंदा मलाच महाग पडलीय, स्वस्त मिळत असेल तर एक पोतं माझंही सांगा.