मशीनच्या आत जागा आहे, बाहेर नाही

प्रश्न : ताई, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर मी हिशोब आणि कॉम्प्युटर दोन्ही बघतो. आमच्याकडे एकच सर्व्हर आहे. त्यावर हायपर-व्ही (विंडोजचं, एका कॉम्प्युटरात अनेक कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरातले कॉम्प्युटर, केलीत : एक टॅलीचं, एक फाइलींचं, एक बॅकअपचं. परवा सकाळी बॅकअपचं मशीन थांबलेलं, पुढं 'पॉज्ड-क्रिटिकल' असं लिहिलेलं. होस्टवरच्या, म्हणजे मूळ सर्व्हरवरच्या, दोन-तीन आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या) फाइली उडवून ते कसंबसं चालू केलं. आत ई ड्राइव्ह अडीच टीबीचा आहे आणि त्यात ६०० जीबी मोकळे होते! तरी भीतीनं जुने बॅकअप पुसले, ४०० जीबी. आत आता एक टीबी मोकळी दिसते, होस्टवर मात्र ९ जीबीच. होस्टवर बॅकअप मशीनची व्हीएचडीएक्स फाइल (मशीनची आतली डिस्क होस्टवर ह्या फाइलीत असते) २.४ टीबी आणि बाकी दोघांच्या मिळून ६०० जीबी आहेत. मालक विचारतात, चार टीबीची डिस्क आणली होती, ती गेली कुठं? सौदे चालू आहेत, मशीन बंद ठेवता येत नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी एक सांगते, मशीन बिघडलेलं नाही. होस्टची डिस्क संपत आली की हायपर-व्ही स्वतःहून व्हर्च्युअल मशीन थांबवतं. लिहिता लिहिता जागा संपून फाइल अर्धवट राहू नये म्हणून. त्यानं तुमच्यावर उपकारच केलेत.

घोटाळा असा झालाय की पुसलंत तुम्ही आत आणि जागा हवी होती बाहेर. तुम्ही हळदीतले आहात, म्हणून हरिपूरची पेवं आठवा. जमिनीत खोल खणायचं, हळद भरायची, तोंड बंद करायचं. २००५च्या महापुरात त्यातली बरीचशी पाण्यानं गेली, पण घरातल्या जाणत्यांना विचारा, ते सांगतील. पेवातली हळद काढून विकली म्हणून खड्डा काही आपोआप बुजत नाही. डायनॅमिक व्हीएचडीएक्सचं तसंच आहे. आत डेटा येईल तशी होस्टवरची फाइल वाढत जाते, पण आतला डेटा पुसला म्हणून साधारणपणे ती आकसत नाही. तुमच्या ई ड्राइव्हवर आता दीड टीबीच माल आहे आणि खड्डा मात्र २.४ टीबीचा. म्हणजे नऊशे जीबीच्या आसपास जागा नुसती अडकून पडलीय.

आता मालकांचा प्रश्न. चार टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते (त्याचं कारण खाली तिसऱ्या प्रश्नात आहे). तुम्ही दिलेल्या फाइलींची बेरीज होते तीन टीबी. मग सहाशे जीबी गेले कुठं? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते ह्याच आकड्यासाठी. तुम्ही फक्त व्हीएचडीएक्स फाइली मोजल्यात. त्याच फोल्डरमध्ये एव्हीएचडीएक्स नावाच्या फाइली आहेत का बघा. माझा अंदाज आहे, असणारच. कुणीतरी कधीतरी अपडेट टाकण्याआधी चेकपॉइंट (मागं फिरता यावं म्हणून मशीनची त्या क्षणाची नोंद) घेतला आणि काढायचा विसरला. चेकपॉइंट घेतला की मूळ फाइल तिथंच गोठते आणि पुढचा प्रत्येक बदल ह्या नव्या फाइलीत जातो. जितके दिवस ठेवाल तितकी ती फुगते.

हे मी कुणाला हसून लिहीत नाहीये. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळचं पाणी पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वाढतच चाललं होतं. त्या रात्री गावभागातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर आम्ही तळमजल्यावरून माडीवर चढवला. मशीन बंद करण्याआधी मीच, ह्याच हातांनी, तिन्ही मशीनचे चेकपॉइंट घेतले. पाणी ओसरलं, सर्व्हर खाली आला, सगळे चिखल काढण्यात गुंतले आणि चेकपॉइंट राहिले. डिसेंबरात त्यांचा फोन आला, तुमच्यासारखाच. एक फाइल मूळ डिस्कपेक्षा मोठी झाली होती. त्या दिवशी मी फीचं नाव काढलं नाही.

आता काय करायचं ते. एव्हीएचडीएक्स सापडली की ती एक्सप्लोररमधून डिलीट करू नका. हे ठळक अक्षरात छापा म्हणून मी संपादकांना सांगणार आहे. ती फाइल पुसलीत तर चेकपॉइंटनंतरचं सगळं गेलं, टॅलीच्या नोंदींसकट. चेकपॉइंट हायपर-व्ही मॅनेजरमधूनच काढायचा, म्हणजे त्यातले बदल मूळ फाइलीत मर्ज होतात, मिसळतात. पण मर्ज पुरं होईपर्यंत दोन्ही फाइली डिस्कवर असतात आणि मूळ फाइल वाढूही शकते. ९ जीबीच्या भरवशावर हा खेळ करायचा नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी चिल्लर जागा मिळवा. प्रत्येक मशीनच्या सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक स्टॉप अ‍ॅक्शन' आहे. ते 'सेव्ह' वर असेल तर मशीनला जेवढी रॅम दिलीय तेवढी फाइल होस्ट आधीच धरून ठेवतं. सोळा, सोळा आणि आठ जीबी रॅम असेल तर चाळीस जीबी तिथंच गेले. मशीन बंद करून ते 'शट डाउन' करा. टॅलीचं मशीन रात्री दोन मिनिटं बंद करायला मालक नाही म्हणणार नाहीत.

मग बघा चेकपॉइंट कुणाचा आहे. टॅलीचा किंवा फाइलींचा असेल तर सोपं आहे. बॅकअपच्या मशीनमध्ये ई ड्राइव्हवर 'ऑप्टिमाइझ' चालवा, मशीन बंद करा आणि मॅनेजरच्या 'एडिट डिस्क' मधून 'कॉम्पॅक्ट' लावा. खड्डा मालाच्या मापाला येईल. ह्याला कित्येक तास लागतात, शनिवारी रात्री लावून घरी जा. सौद्यांची काळजी तुम्ही उगाच करताय. सौदे टॅलीच्या मशीनवर चालतात, बॅकअपचं मशीन एक दिवस बंद राहिलं तर कुणाचं पोतं अडत नाही. जागा झाली की मग चेकपॉइंट काढा. पण चेकपॉइंट बॅकअप मशीनचाच निघाला तर कॉम्पॅक्टला हात लावू नका. चेकपॉइंट असलेली डिस्क एडिट करायची नसते. तेव्हा यूएसबीची एक मोठी डिस्क लावा, फाइलींच्या मशीनचं स्टोरेज 'मूव्ह' करून तात्पुरतं तिच्यावर न्या, चेकपॉइंट मर्ज होऊ द्या, मग कॉम्पॅक्ट, मग फाइली परत जागेवर.

आता तुम्ही पुसलेले ४०० जीबी. पत्रात ते वाचून छातीत धस्स झालं होतं. इन्क्रिमेंटल बॅकअप, म्हणजे एकदा सगळं (फुल) आणि मग रोज फक्त बदललेलं, ही साखळी असते. पहिली फुल फाइल गेली की पुढच्या सगळ्या नुसत्या नावाला उरतात. संपादकांमार्फत तुमच्याकडून मागवलेल्या माहितीप्रमाणे तुम्ही चौदा दिवसांचे बॅकअप ठेवता, एक फुल ३२० जीबीचा आणि रोजची भर १२ जीबीची. एक फुल आणि सहा दिवस म्हणजे ३९२. तुमचा आकडा त्याच्याशी जुळतोय, म्हणजे नशिबानं एक आख्खा जुना आठवडा गेलेला दिसतो, मधलाच तुकडा नाही. तरी बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधून एकदा री-स्कॅन करून घ्या आणि एखादी फाइल परत आणून उघडून बघा. पुढच्या वेळी पुसायचं ते सॉफ्टवेअरमधूनच.

आणि चौदा दिवस ठेवायचे तर एवढी जागा का लागते? तुम्हाला वाटत असेल एक फुल अधिक तेरा दिवस, ४७६ जीबी. पण तुम्ही दर रविवारी नवा फुल घेता. जुना आठवडा पुसायचा तर त्यातला शेवटचा दिवससुद्धा चौदाच्या बाहेर जावा लागतो, कारण साखळी मधून तोडता येत नाही. त्यामुळं एकविसाव्या रात्री डिस्कवर तीन फुल आणि अठरा दिवसांची भर असते. ९६० अधिक २१६, म्हणजे १,१७६ जीबी. त्यात मार्चअखेरचा वेगळा ठेवलेला फुल मिळवा, १,४९६. तुमच्या ई ड्राइव्हवरचा दीड टीबी तो हाच, उगाच काही नाही. रविवारचा फुल महिन्यावर न्यायचा की चौदाचे सात दिवस करायचे, हे मात्र मालकांना विचारा. किती दिवस मागं जाता आलं पाहिजे हे पेढीनं ठरवायचं, डिस्कनं नाही. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, चुकल्याचं शेतकऱ्याच्या किती दिवसांनी लक्षात येतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

एक न विचारलेलं. ज्या डिस्कवर टॅली त्याच डिस्कवर बॅकअप, ह्याला मी बॅकअप म्हणत नाही. डिस्क गेली की दोन्ही एकदम जाणार. ती यूएसबी डिस्क आणालच, तर काम झाल्यावर कपाटात ठेवू नका. आठवड्याला एकदा कॉपी घ्या, काढा आणि मालकांच्या घरी पाठवा, घर पुराच्या पट्ट्यात नसेल तर.

प्रश्न : साताऱ्यात एका कॉलेजच्या लॅबची जबाबदारी माझ्याकडे आहे. आम्ही प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरतो, डेटास्टोअर (बॅकअप साठवायची जागा) झेडएफएस ह्या फाइल सिस्टिमवर. ९६ टक्के भरलं म्हणून जुने बॅकअप प्रून केले, म्हणजे छाटले. यादीतून गेले, पण टक्के ९६च. सॉफ्टवेअर खोटं बोलतंय का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही मॅडम, खरं बोलतंय. तिथं बॅकअप म्हणजे एक फाइल नसते. डेटाचे तुकडे करून ठेवतात आणि सारखा तुकडा दहा बॅकअपमध्ये असला तरी एकदाच ठेवतात. प्रून केल्यानं फक्त यादी जाते, जशी ग्रंथालयात कार्ड फाडलं तरी पुस्तक मांडणीवरच असतं. तुकडे काढायला 'गार्बेज कलेक्शन' वेगळं चालवावं लागतं. ते चालवूनही पहिल्या दिवशी कदाचित फारसं काही मोकळं होणार नाही, कारण गेल्या २४ तास ५ मिनिटांत हात लागलेला तुकडा ते काढत नाही. चालू असलेल्या बॅकअपचा तुकडा चुकून जाऊ नये म्हणून हा नियम आहे. तेव्हा आज चालवा, उद्या संध्याकाळी परत चालवा आणि मग टक्के बघा.

९६ वर आहात तोवर ठीक. १००ला गेलात तर साफसफाईलाच जागा उरत नाही, कारण झेडएफएसला जुन्या नोंदीवर खूण करायची तरी ती नव्या जागी लिहावी लागते. जागा झाली की एक रिकामा डेटासेट (झेडएफएसमधला कप्पा) करून त्याला वीस-तीस जीबी रिझर्व्हेशन, म्हणजे राखीव जागा, देऊन ठेवा. परत कधी गळ्याशी आलं तर ते काढलं की श्वास घेता येतो. आणि सूचनेचा ईमेल ८० टक्क्यांवर लावा. तो जुन्या, निवृत्त झालेल्या सरांच्या पत्त्यावर जात नाही ना, तेही बघा. हे मी दोन ठिकाणी पाहिलंय.

प्रश्न : चार टीबीची डिस्क घेतली. लावल्यावर ३.६३ दिसते. दुकानदाराशी भांडण झालं. कोण बरोबर?
— एक वाचक, कराड

उत्तर : दुकानदार. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४नं मोजतं आणि नाव दोघंही टीबीच लावतात. चार लाख कोटी बाइटला १०२४नं चारदा भागा, ३.६३ येतं, पुढचं विंडोज दाखवत नाही. डिस्क पूर्ण आहे. भांडणात काय काय बोललात ते पत्रात लिहिलं नाहीत, पण पुढची डिस्क त्याच दुकानातून घ्या.