कोणत्या कार कंपनीचं डिझेल इंजिन सर्वात चांगलं?

तुम्हाला जुनी डिझेल गाडी घ्यायची आहे आणि डिझेल इंजिन सर्वात चांगलं कोणती कार कंपनी बनवते, असं तुम्ही विचारलंय. मी कराडजवळ हायवेला २७ वर्षं पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग दुरुस्त करायचं, काम करतोय. एकाच कंपनीचं नाव हवं असेल तर टोयोटा. पण तेवढ्यावर गाडी बघायला निघू नका, कारण आपल्याकडे कितीतरी गाड्यांच्या बॉनेटवर चिन्ह एका कंपनीचं आणि आतलं इंजिन दुसरीचं असतं.

मी काम शिकायला लागलो तेव्हा आमच्याकडे वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, ट्रॅक्स जीप यायच्या. पाटणहून, ढेबेवाडीहून, छतावर माणसं बसलेल्या. ट्रॅक्सचं इंजिन बजाज टेम्पो आकुर्डीत बनवायची, पण ते मूळचं मर्सिडीजचं, ओएम ६१६, २.४ लिटर. हेच इंजिन जर्मनीत २४० डी टॅक्सीला होतं. ग्रीसमधली तशी एक टॅक्सी ४६ लाख किलोमीटर चालली (वाटेत इंजिनं बदलली, हे खरं) आणि २००४ साली मर्सिडीजनं ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. महिंद्राच्या जुन्या जीपमधलं २.१ लिटरचं डिझेल फ्रान्सच्या प्यूजोचं. अॅम्बेसेडरमधलं दोन लिटरचं जपानच्या इसुझूचं. त्या काळी कुणी म्हणालं, "महिंद्राचं इंजिन लोखंड आहे," तर कौतुक प्यूजोचं व्हायचं आणि ते त्या माणसाला माहीतही नसायचं.

ती इंजिनं टिकली, कारण ती कमी मागायची. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. डिझेल आधी हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातल्या, छोट्या कप्प्यात पेटायचं आणि मग पिस्टनवर यायचं. नोझल सव्वाशे-दीडशे बार दाबाला उघडायचं, ते आम्ही हातपंपावर तपासायचो. थोडं पाणी, थोडा गाळ त्या पंपानं पचवला. ओढ मात्र कमी. पंधरा माणसं भरून कुंभार्ली घाट चढायचा म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये, काळा धूर सोडत.

मग फियाट आली. डिझेल कारचा विषय फियाटचं नाव घेतल्याशिवाय पुरा होत नाही, असं माझं ठाम मत आहे. कॉमन रेल ही पद्धत कारसाठी विकसित केली फियाटच्या लोकांनी. बाजारात आणायला ती बॉशकडे दिली गेली आणि १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये पहिल्यांदा बसली. एका जाड नळीत हजार बारच्या पुढच्या दाबानं डिझेल कायम तयार ठेवायचं आणि कॉम्प्युटरनं इंजेक्टर (डिझेल फवारणारं नोझल) हवा तेव्हा उघडायचा, ही त्यातली मुख्य कल्पना. २००३ साली त्यांनी १.३ मल्टिजेट काढलं. १२४८ सीसी, वजन जेमतेम १३० किलो, आणि एका स्ट्रोकला डिझेल एकदम न टाकता पाच तुकड्यांपर्यंत टाकायची सोय. आधी थोडंसं डिझेल पेटवून घेतलं की मोठा भडका एकदम होत नाही, म्हणून ती जुन्या डिझेलची खडखड गेली.

हे इंजिन आपल्याकडे रांजणगावला फियाटच्या कारखान्यात बनलं आणि परवान्यानं हरियाणात मानेसरला मारुतीसाठीही बनलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, फियाटची पुंतो आणि लिनिया, सगळ्यांच्या आत तेच. मारुती त्याला डीडीआयएस म्हणायची, टाटा क्वाड्राजेट म्हणायची. २०१२ च्या सुमाराला पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागं तीसेक रुपयांचा फरक होता. त्या वर्षांत गावाकडच्या कितीतरी घरांत पहिली गाडी आली ती या इंजिनाची. माझ्या गल्लीतच पाच होत्या.

त्याच्यात खोड काय? दोन हजार आरपीएमच्या खाली ओढ नाही. घाटात गिअर लवकर टाकला तर गाडी मरगळते आणि टर्बो धरला की एकदम झेपावते. दुसरं, ऑइल जेमतेम तीन लिटर मावतं. त्यात टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आणि टर्बो दोन्ही त्याच ऑइलवर. ज्यांनी दहा हजार किलोमीटरला बदलायचं ऑइल वीस हजारांवर नेलं त्यांची चेन वाजायला लागली. वेळेवर ऑइल बदललेली साडेतीन-चार लाख चाललेली इंजिनं मी स्वतः पाहिली आहेत, आणि दीड लाखात उतरवलेलीही पाहिली आहेत. फरक फक्त ऑइलचा होता.

टोयोटा वर का, ते आता सांगतो. २००५ ते २०१६ च्या इनोव्हातलं २.५ लिटरचं डी-फोर-डी घ्या. ताकद १०२ पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). म्हणजे लिटरमागं ४१. ९० पीएसचं मल्टिजेट लिटरमागं ७२ काढतं. रांजणगावलाच बनणारं दोन लिटरचं मल्टिजेट, जे कंपास, हॅरियर आणि हेक्टर या तीन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत १७० पीएसच्या आसपास बसलं, ते ८७ काढतं. इनोव्हाच्याच जातीचं इंजिन टोयोटानं परदेशात हायलक्समध्ये १४० पीएसच्या वर नेलं होतं, म्हणजे आपल्याला ते मुद्दाम सैल बांधून दिलं. पिस्टनवर, हेड गॅस्केटवर, टर्बोवर ताण कमी. शिर्डी-पंढरपूरच्या फेऱ्या मारणारी एक इनोव्हा माझ्याकडे सहा लाख किलोमीटरला पहिल्यांदा इंजेक्टरसाठी आली. हेड तोवर उघडलेलं नव्हतं. त्या गाडीवाल्यानं दर दीड लाखाला टायमिंग बेल्ट मात्र न चुकता बदलला होता. या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे, आणि तो तुटला तर सगळं संपलं. आधीची क्वालिस अजून साधी होती, तिला तर कॉमन रेलच नव्हतं.

ह्युंदाईचं १.६ सीआरडीआय, व्हर्ना आणि पहिल्या क्रेटातलं, चालवायला मला सर्वांत आवडतं. शांत, १२८ पीएस, आणि चेनवालं. रोज हायवेला जाणार असाल आणि इनोव्हाएवढी मोठी गाडी नको असेल तर हेच बघा. महिंद्राचं २.२ एमहॉक ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या संस्थेच्या मदतीनं उभं राहिलं. स्कॉर्पिओत ते खडबडीत रस्त्यावर, ओझ्यासकट वर्षानुवर्षं चालतं, आणि तालुक्याच्या कुठल्याही फिटरला ते कळतं. गावात राहत असाल तर हा गुण ताकदीपेक्षा मोठा आहे. रेनॉचं दीड लिटरचं, डस्टरमधलं, एव्हरेजला उत्तम. मर्सिडीजनं आपल्या लहान गाड्यांत तेच घेतलं, यावरून त्याची लायकी कळते. २०२० नंतर ते आपल्याकडे बंद झालं, तेव्हा जुनं घेताना पार्ट कुठून मिळतील ते आधी विचारून ठेवा.

फोक्सवॅगनचं लिहिताना मला वाईट वाटतं. त्यांचं १.९ टीडीआय, स्कोडा ऑक्टाव्हियातलं, हे मी हाताळलेल्या सर्वांत सुरेख इंजिनांपैकी एक. पण सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की नंतरच्या पिढीच्या इंजिनांत त्यांनी असा प्रोग्रॅम घातला होता की, चाचणीवर गाडी स्वच्छ दिसायची आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड कितीतरी पट जास्त सोडायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. आपल्याकडेही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड केला. तो धूर शेवटी आपण आणि आपली पोरंच श्वासात घेतात. ज्यांना इंजिन इतकं चांगलं बनवता येत होतं त्यांनी हे करावं, हे मला अजून पटत नाही.

आता १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-सहा या प्रदूषणाच्या नियमातल्या गाड्यांबद्दल. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची काजळीची जाळी असते. ती भरली की गाडी स्वतः जास्तीचं डिझेल टाकून ती काजळी सहाशे अंशांच्या आसपास जाळते, आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं एकसारखी हायवेची चाल लागते. रोज घर ते बाजार चार किलोमीटर चालवणाऱ्याची जाळी कधीच पुरी जळत नाही. दिवा लागतो आणि जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. माझ्याकडे अशा गाड्या येतात, मालक कंपनीला शिव्या देतो, पण इंजिनाचा काही दोष नसतो. तुमचं रोजचं चालणं शहरातलं आणि वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आत असेल, तर कोणत्याच कंपनीचं डिझेल घेऊ नका, पेट्रोल घ्या. माझ्या धंद्याच्या विरुद्ध असलं तरी हेच सांगेन.

डिझेल कुठं भरता त्यावरही लक्ष ठेवा. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. एका पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका पंपाच्या टाकीत पाणी शिरलं आणि आठवड्यात माझ्याकडे सात गाड्या आल्या, चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या. माझी स्वतःची त्यात होती. सगळ्यांचे इंजेक्टर गंजले होते.

गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधी चालू करून ठेवू नका म्हणून सांगा. बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा. पहिल्या झटक्यात चालू होऊन समान वाजली पाहिजे. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडा: थोडी वाफ चालेल, पण फुसफुस धूर जोरात बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, आमच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन. तिथूनच परत या. हे ठीक असेल तर जवळच्या पंप-नोझलवाल्याकडून रिटर्न चेक करून घ्या. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळीला छोट्या बाटल्या लावून इंजिन चालवतात. चारही बाटल्या सारख्या भरल्या पाहिजेत. एखादी इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर बदलायचा आहे, आणि त्याचे पैसे गाडीच्या किमतीतून वजा करून घ्या.